चार विती दार

घर बदलायचं म्हटलं की आमच्याकडे एकच उपाय: आत्याला बोलवा. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याची बदलीची नोकरी, त्यामुळे जन्मभर बिऱ्हाड पाठीवर. आमच्या ह्यांना दुसऱ्या शहरात काम लागलं, आणि कुणी निरोप धाडायच्या आतच आत्या दारात हजर!

"घर बघायला निवांत दुपारी जायचं नाही," चपला काढता काढताच तिनं सुरू केलं. "सकाळी जायचं, सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळेला. सगळे नळ एकदम सोडायचे. धार बारीक झाली की मालकाला नमस्कार करून निघायचं. आणि घरापासून कामापर्यंतचा रस्ता ऐन गर्दीत स्वतः जाऊन बघायचा. मालक म्हणतो पाच मिनिटं, पण ती त्याची पाच मिनिटं!"

तिला बरोबर घेऊन मी तळमजल्यावरचं एक घर ठरवून आले. पलंग कुठे मावतो हे बघायला ही बाई तिथल्या फरशीवर चक्क आडवी झाली. मालक आ वासून बघत राहिला. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

घर मिळालं, पण खरी गोम घरातच होती. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, न्हावी. दुकान बंद करून बराच काळ लोटला, पण दुकानातली बिडाची खुर्ची पुढच्या खोलीत ठाण मांडून होती. बाबा रोज ती पुसायचे आणि तीत बसूनच पेपर वाचायचे.

"खुर्ची नव्या घरात गेली तर मी राहीन," त्यांनी जाहीर केलं. "नाही गेली, तर त्याच ट्रकनं परत. मित्राच्या माळ्यावर पडून राहीन."

"माळ्यावर? त्या गुडघ्यांनी?" माझं डोकंच फिरलं. "शिडी कोण चढणार, तुमची खुर्ची?"

"तू तुझी भांडी बांध."

असं आमचं रोजचंच. पण खरं सांगते, त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मला माहेरी वडील नाहीत. हक्कानं भांडायला हा एकच माणूस आहे. त्यांना मागे सोडून मला कुठलंही शहर नको होतं.

मी कपाटातून टेप काढली, तर दोघं भावंडं एका सुरात ओरडली, "हात काय खोटं बोलतो का?" त्यांचं बालपणच वडिलांच्या कात्री-कंगव्याजवळ गेलेलं. तिथं केस बोटांनी मोजायचे आणि बाकी सगळं वितीनं. टेप म्हणजे ज्याला हात नाही त्याचं काम! आत्यानं नव्या घराचं दार मोजून ठेवलं होतं, चार विती. बाबांनी खुर्ची मोजली, साडेतीन.

"अर्धी वीत मोकळी!" आत्या म्हणाली. बाबा खुशीत आले. मीही मूर्खासारखी टेप परत कपाटात ठेवली.

मग बांधाबांध. खोक्यात काय आहे ते लिहू नकोस, कुठल्या खोलीत जायचंय ते लिही. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगालाच बांध. चहाचं सामान, साबण, औषधं आणि एक बल्ब शेवटच्या पिशवीत, ती मांडीवर घ्यायची. आत्याच्या सूचनांनी माझ्या नाकी नऊ आले, पण एकही सूचना वाया गेली नाही, हे कबूल करायलाच हवं.

दुपारी नव्या घरी पोचलो. ट्रकवाल्यानं आणि ह्यांनी आधी खुर्चीच उतरवली, कारण बाबा बाजूला हटेनात. दाराशी आणली, आणि अडकली. सरळ, तिरकी, आडवी, सगळे प्रकार झाले. खुर्ची काही आत जाईना.

आत्यानं दारावर वीत टाकली. "बघ दादा, चार!"

बाबांनी खुर्चीवर टाकली. "साडेतीन!"

मी दोघांचे पंजे धरले आणि एकमेकांना चिकटवले. आत्याची बोटं बाबांच्या मधल्या पेरापर्यंतच पोचत होती.

ट्रकवाला पोट धरून हसला. हेही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी आपली कपड्यांची पिशवी उचलली आणि ट्रकच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली.

"ठरलं होतं ते ठरलं," ते म्हणाले.

"अहो, हात सोडवून बघू ना खुर्चीचे!" मी म्हटलं. 

"ओतीव आहेत. एकसंध."

आत्यानं मला कोपर मारलं. "शेजारी जा आणि पाना मागून आण."

"पान्यानं काय होणार?"

"काही नाही होणार. पण नव्या जागी आधी काहीतरी मागायला जायचं असतं. मागितलं की ओळख होते. जा!"

समोरचं दार एका मास्तरांनी उघडलं. केस कानावरून ओघळलेले, मानेवर नुसतं रान माजलेलं. पाना शोधत ते माझ्यामागे बाहेर आले. तोवर दमलेला ट्रकवाला जिन्याखाली ठेवलेल्या त्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. प्रवासानं त्याच्या डोक्याचं पार घरटं झालेलं.

बाबांनी ट्रकवाल्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे. त्यांची बोटं आपोआप हलायला लागली.

"किती दिवस कात्री लागली नाही?" त्यांनी दरडावून विचारलं.

"आमच्या गल्लीतला न्हावी शहर सोडून गेला हो," मास्तर ओशाळून म्हणाले.

बाबा तडक केबिनकडे गेले. मला वाटलं, निघाले. पण ते परत आले ते पिशवीतली कात्री-कंगवा घेऊन! ट्रकवाल्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "मान खाली."

"जिन्याखाली खुर्ची चालेल का?" ह्यांनी मास्तरांना हळूच विचारलं.

"न चालायला काय झालं? सोसायटीचा चिटणीस मीच आहे," मास्तर म्हणाले. "माझा नंबर दुसरा ना?"

सामान आत गेलं. चहा झाला. मास्तर खुर्चीत बसले, तोवर वरच्या मजल्यावरचे दोघे जण पायरीवर येऊन टेकले होते. बाबांची बडबड सुरू होती, इतकी मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

बाहेर हॉर्न वाजला. "आजोबा," नव्या भांगाचा ट्रकवाला ओरडला, "निघतोय मी! येताय ना?"

मी दारातच थिजले. बाबांनी मान वळवली नाही. मास्तरांच्या कानामागे कात्री चालवत ते म्हणाले, "सूनबाई, तेवढी माझी पिशवी आत घे गं. टॉवेल न्हाणीघरात अडकव."

मी धावत जाऊन पिशवी आणली. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि हातोडी-खिळा घेऊन दारात उभी राहिले.

"टॉवेलाचा खिळा कुठे ठोकू?"

"दारापासून दोन विती."

"कुणाच्या?" मी विचारलं.