मंजूर, महाराज

"गानं मागून म्हन की बे. आदी तुजं ते म्हन, 'मंजूर, महाराज!'" मांडवामागे दूध संघाचे चेअरमन मोहनराव मन्मथच्या खांद्यावर हात टाकून सांगत होते.

"अन् गानं पुरतं म्हनू देताल ना?"

"दोन म्हन, चार म्हन. तुज्यासाठी तर पेटी-तबला आनलाय बीडहून."

मन्मथ विरघळला. लहानपणी टीव्हीवरच्या मालिकेत तो राजाचा छोटा हुजऱ्या झाला होता. राजा काहीही फर्मावो, हा पागोटं सावरत म्हणायचा, "मंजूर, महाराज!" आणि टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसलेलं गाव लोटपोट व्हायचं. त्याची आई शिवकांता पदर तोंडाला लावून हसायची. पुढे मिसरूड फुटलं आणि मुंबईनं त्याला वाऱ्यावर सोडलं. मग तो ऑर्केस्ट्रात शिरला. गळा चांगला होता, चाली स्वतः बांधायचा, पण दोन कडवी झाली की कुणीतरी ओरडायचंच, "ते म्हण की!" पस्तिशी उलटली, तरी त्याचं एकही गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आज त्याचं स्वतःचं गाव ऐकणार होतं, आणि एवढ्यासाठी तो काहीही म्हणायला तयार होता.

सकाळीच आई म्हणाली होती, "सभेत इहिरीचं कायतरी शिजतंय, बाबा. तू त्यात पडू नको."

"मला गान्याशी मतलब," तो म्हणाला होता.

दुष्काळात गोठे ओस पडले होते आणि दूध संघ नावापुरता उरला होता. पाणी होतं ते फक्त संघाच्या आवारातल्या विहिरीला. सभेला माणूस मावत नव्हतं ते त्यासाठीच. सचिव तोंडातल्या तोंडात वाचू लागला, "संघाची जागा, विहिरीसह, कंपनीस भाड्याने..."

भारत नावाचा सभासद ताडकन उठला. "इहिरीचं काय म्हनलात? मोठ्यानं वाचा!"

मोहनरावांनी डोळ्यानं खूण केली. लाल पागोटं घालून मन्मथ माइकपुढे उडी मारून आला. पोराचा किनरा आवाज काढून म्हणाला, "काय मंडळी, महाराजांचा हुकूम?" आणि सवयीनं त्यानं माइक लोकांकडे धरला.

"मंजूर, महाराज!" सगळा मांडव गरजला. भारतसुद्धा ओरडला, मग ओशाळून खाली बसला. सगळ्यात मागे शिवकांतानं तोंड उघडलं नव्हतं.

"सर्वानुमते मंजूर!" मोहनराव म्हणाले.

मन्मथ गायला. मधे कुणी ओरडलं नाही. ऐकतायत, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. तिसऱ्या कडव्याला त्याच्या ध्यानात आलं, लोकांच्या माना विहिरीकडे वळल्या होत्या. तिथे टेम्पोतून काटेरी तारेची बंडलं उतरत होती.

दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर पाण्याला गेला. फाटकाला कुलूप होतं, बाहेर बायका घागरी घेऊन खोळंबल्या होत्या. पहारेकरी परगावचा, पण मन्मथला बघून त्याचा चेहरा खुलला.

"टीव्हीवरचे तुमीच न्हवं? एकडाव म्हना की. एक घागर देतो, सायबाला न्हाई सांगत."

मन्मथनं आईकडे पाहिलं. ती रिकाम्या घागरीत बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्यानं पोराचा आवाज काढला.

"मंजूर, महाराज!"

पहारेकरी खदखदून हसला. बायकांतलं कुणी हललंही नाही. फाटक उघडलं, घागर भरून आली.

शिवकांतानं पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती. मग घागर कमरेवर घेऊन ती त्याच्या पुढे चालू लागली.