मागातलं वळण

दादाने माझ्या कामाची कायम टर उडवली. "ठमे, आम्ही जहाजं चालवतो आणि तू त्यांच्या मागे उरलेल्या फेसाचा अभ्यास करतेस." त्या दुपारी मात्र तो माझ्या टेबलाशी स्टूल ओढून गुमान बसला होता. हातात चौकशीची फाईल, आणि तीत उपग्रहाच्या रडारने टिपलेलं समुद्राचं चित्र.

त्याच्या मालवाहू जहाजाने मासेमारीची होडी चिरडल्याचा आरोप होता. तिघे गेले होते. सुकाणूवर दादा होता, आणि होडी दिसलीच नाही, असा त्याचा जबाब होता.

"हे दहा मिनिटांनंतरचं चित्र," तो म्हणाला. "हा पांढरा ठिपका आमचं जहाज. इथून मागे सरळ रेघ काढ. होडी बुडाली ती जागा रेघेपासून अर्धा किलोमीटर लांब आहे. एवढं लिहून दे, मी सुटलो."

"आणि त्या जागेवरून जाणारा हा काळा पट्टा?"

"असेल दुसऱ्या कुणाचा."

चालत्या जहाजाचा ठिपका रडार भलत्याच जागी दाखवतं, वेगामुळे फसतं ते. जहाजाने पाण्यात सोडलेला माग, म्हणजे तो काळा पट्टा, मात्र खऱ्या जागीच राहतो. आमच्याकडे नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. दादाला कोण शिकवणार?

जहाजाची लांबी, वेग, वारा, सगळं संगणकावरच्या मॉडेलमध्ये घातलं. ठिपका नेमका अर्धा किलोमीटर सरकला आणि माग काळ्या पट्ट्यावर जाऊन बसला. फक्त एका ठिकाणी जुळेना. होडीच्या जरा अलीकडे पट्टा वाकला होता. मी प्रवाहाला दोष दिला, वारा तीनदा बदलून पाहिला. शेवटी मॉडेलमधल्या जहाजाचं सुकाणू जरासं फिरवून परत सरळ केलं. तंतोतंत जुळलं.

"तू त्यांना पाहिलं होतंस," मी म्हणाले. "वळवायला गेलास. मग सरळ केलंस आणि थांबला नाहीस."

वहिनीचा फोन आला. त्याने तो कापला.

"उशीर झाला होता गं. घाबरलो." त्याने पडद्यावर त्या वाकलेल्या जागी बोट ठेवलं. "ते वळण काढून टाक. तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

खरंच कुणाला कळलं नसतं. मला त्याची कीव आली आणि तितकाच संतापही.

"तसेही ते लगेच गेले असतील," तो म्हणाला. "थांबून काय झालं असतं?"

फाईलमधली शवविच्छेदनाची पानं त्याने उघडलीच नव्हती. मी उघडली होती.

"दोघे लगेच गेले. तिघांतला धाकटा सात-आठ तास जिवंत तरंगत होता, असं डॉक्टरांनी लिहिलंय," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोरच वळणासकट अहवालावर सही केली.