पहिल्या बेसजवळची ओली माती

यंदा आमच्या केल्सो बेंड क्रेन्सनी एकसष्ट सामने घालवले. एकसष्ट! बेसबॉलचा संघ आहे की गावजेवण, कुणीही यावं आणि पोटभर धावा घेऊन जावं? बावीस वर्षं मी या मैदानाची माती सांभाळतेय, पण जूनमधला खेळ बघून मलाच तोंड लपवावंसं वाटलं.

म्हणून मी आणि आमचा मॅनेजर व्हर्जिल प्रूट जरा लबाडी करायचो. लबाडी तरी कसली, सगळेच करतात. घरचं मैदान घरच्यांच्या सोयीचं असायचंच. समोरच्यांत कुणी चपळ असला की सकाळी पहिल्या बेसजवळची माती पाइपने भिजवायची. तिथून दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळत तो गाठायला, निघालेल्याचा पाय पहिल्याच पावलाला घसरतो. आमच्यात पळणारं कुणी नव्हतंच, त्यामुळे आमचं काही बिघडायचं नाही.

ऑगस्टमध्ये तीन नवी पोरं आली. त्यातला टायरेल बीम एकवीस वर्षांचा, आणि असा पळायचा की मी हातातलं काम टाकून बघत राहायचे. हळूहळू आम्ही हरतानासुद्धा बरे दिसायला लागलो. दुसऱ्या नंबरच्या संघाला दोनदा लोळवलं. तिसऱ्या नंबरवाल्यांशी नऊ डावांचे बारा होईपर्यंत भांडलो. शेवटी उरले पहिल्या नंबरचे ग्रँट फॉल्सवाले. आमच्या मालकीणबाई, मिसेस स्ट्रँड, व्हर्जिलला म्हणाल्या, "तीनपैकी दोन जिंका, मग पुढच्या वर्षाचं बोलू. नाहीतर तुम्ही मोकळे."

एक जिंकलो, एक हरलो. तिसरा सामना रविवारी दुपारी होता.

सकाळी व्हर्जिल कॉफीचा पेला घेऊन माझ्याकडे आला. "ऑड्रा, भिजव. चांगली भिजव. त्यांचा तो हॅन्सन पळाला की मी गेलो."

"आणि आपला टायरेल?"

"आपण कधी पळालोय?"

"अरे बाबा, तो पळतो की आता! डोळे आहेत ना तुला?"

"अठ्ठावन्न वर्षांचा झालो मी. इथून काढलं तर मला कोण घेणार, तूच सांग. भिजव."

कपाळाला हात लावला आणि पाइप उचलला. भिजवली.

तिसऱ्या डावात हॅन्सन पहिल्या बेसवरून निघाला आणि सपशेल आपटला. रांगत रांगत परत आला तेव्हा आमची पोरं खिदळत होती. पुन्हा काही त्याने पळायचं नाव काढलं नाही. अंपायरने बुटाने माती दाबून बघितली आणि माझ्याकडे डोळे वटारले. मी मुकाट्याने आभाळाकडे बघितलं.

पाचव्या डावानंतर आम्ही माती सारखी करायला आत जातो. ओल शोषून घेणाऱ्या भुकटीचं पोतं मी गाडीवर घेतलंच होतं. टायरेल कुंपणाशी येऊन म्हणाला, "मावशी, आज दुसरा बेस चोरतो की नाही बघ!"

"गप रे, आधी पहिला तरी गाठ," मी म्हटलं.

पोतं उचललं तेवढ्यात बाकावरून व्हर्जिलने मान हलवली. नको. भुकटी टाकायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरी मी पोतं खाली ठेवलं. याचाच राग येतो मला, अजून येतो.

नववा डाव, शेवटची पाळी आमची. त्यांच्या धावा चार, आमच्या तीन; आमचे दोघे बाद, तिसरा गेला की खेळ खलास. टायरेल पहिल्या बेसवर. दुसरा बेस गाठला असता तर एका फटक्यात बरोबरी झाली असती. व्हर्जिल बराच वेळ त्या पोराकडे नुसता बघत उभा राहिला. मग त्याने टोपीला हात लावला. पळ, अशी खूण! अख्ख्या वर्षात पहिल्यांदा.

"नको!" मी किंचाळले. ऐकतंय कोण?

टायरेलचा पाय सरकला, गुडघा मातीला टेकला. तसाच उठून तो जिवाच्या आकांताने धावला, आणि एवढं होऊनही वीतभरच कमी पडला. बाद. सामना संपला.

खेळाडूंच्या खोलीत तो टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होता. "माझ्यामुळे गेलं सगळं. तुमची नोकरीसुद्धा."

व्हर्जिलने टोपी काढली. "ती माती मी भिजवायला लावली होती. सकाळी."



"पाइप माझ्या हातात होता," मी म्हटलं.

"मावशी, तू?" टायरेलने माझ्याकडे बघितलं, मग व्हर्जिलकडे. "मग मला पळायला का सांगितलंत?"

"माती विसरलो," व्हर्जिल म्हणाला. "तू उभा होतास तिथे, आणि मला वाटलं, हा पोचणार. वर्षभर कुणाबद्दल असं वाटलं नव्हतं मला. ते वाटलं आणि बाकी काही आठवलंच नाही, पोरा."

टायरेलने टॉवेल बाजूला ठेवला.

दारात मिसेस स्ट्रँड येऊन उभ्या होत्या. व्हर्जिल त्यांच्याकडे निघाला, आणि माझा वाटा सांगायला मीही त्याच्या मागोमाग गेले.