जड माणसानं सरकायचं

रविवारी ड्यूटीला निघताना खारूची आई दारातूनच म्हणाली, "संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघंच. जमवा काय ते."

हे ती लेकीला म्हणाली की नवऱ्याला, ते त्याला कळेना. पण जमवायचं आपल्यालाच आहे, एवढं नक्की होतं. लग्न होऊन बरेच महिने लोटले, तरी खारूनं त्याला अजून कशानंच हाक मारली नव्हती. 'बाबा' त्याला नकोच होतं. तो शब्द तिच्या गेलेल्या वडलांचा. साधं 'काका' चाललं असतं. पण ही पोरगी हवेशी बोलल्यासारखी बोलायची.

तो प्रूफं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात केस पिकायला आले, पण दहा वर्षांच्या मुलीसमोर त्याची बोबडी वळायची. म्हणून त्यानं साध्या यंत्रांच्या झटपट प्रयोगांचं पुस्तक आणून पार तोंडपाठ केलं होतं. टेबलावर पट्टी, खोडरबर, दोऱ्याची रिळं, सगळं मांडून तयार.

"हे बघ," तो म्हणाला. "पट्टीखाली खोडरबर ठेवलं की झाली तरफ. या टोकाला पुस्तकं. खोडरबर पुस्तकांजवळ सरकवलं की ती एका बोटानं उचलली जातात. लांब नेलं की जड लागतात."

"मग आता करायचं कशाला?"

"म्हणजे?"

"उत्तर तर सांगून टाकलं."

तो ओशाळला. घाईघाईनं रिळांची कप्पी पुढे ओढली. "या दोऱ्यानं वजन निम्मं लागेल, कारण..."

"कळलं," म्हणत खारू चपला घालून खाली बागेत गेलीसुद्धा.

थोडा वेळ तो रिळांवर दोरा गुंडाळत बसला. मग मागोमाग गेला. खारू सी-सॉच्या एका टोकावर एकटीच बसली होती. तो दुसऱ्या टोकावर बसला, आणि ती भसकन वर गेली.

"उठू का?"

"उठलात तर मी आपटेन." पाय लोंबकळत होते, आवाज जरा बारीक झाला होता. मग तिनं डोळे बारीक केले. "उत्तर माहीत आहे ना?"

"आहे."

"सांगायचं नाही."

त्यानं ओठ मिटले. छापायला चाललेल्या पानावर चूक दिसावी आणि हातात पेन्सिल नसावी, तसा जीव तगमगला. खारू मधल्या दांड्याकडे सरकली. फळी जागची हलली नाही. तो दुसरीकडे, झाडाकडे पाहत राहिला.

"छे, उलटंच केलं," ती पुटपुटली आणि पुन्हा मागे गेली. बराच वेळ तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा मधल्या दांड्याकडे पाहिलं. "आता तुम्ही या. पुढे. सावकाश हं."

तो सरकला. विजार फळीच्या खिळ्यात अडकून टरकली.

"फाटली वाटतं," ती म्हणाली.

"फाटू दे."

"अजून या."

तो आणखी सरकला. तिचं टोक खाली येऊ लागलं.

"अजून थोडं. बास, बास."

फळी आडवी झाली. दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"आता हलू नका, काका."

त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो हलला नाही.