मानेवर वस्तरा असतानाचा होकार

पैज लागली ती अंगणात, कपडे वाळत घालताना.

"आज सभेत कात्रीकडून कबूल करून घेतो बघा," चेअरमन म्हणाले. "दुकान सोडतो म्हणाला होता तो मला. नाही जमलं तर अंगणाला बेडूकउड्या मारत फेरी घालीन. दर उडीला डराव म्हणेन."

"आणि जमलं तर मी घालते," तळमजल्याची काकू दातातला चिमटा काढून म्हणाली. "गुडघे कधीच कामातून गेलेत, पण हौस दांडगी आहे."

कात्री म्हणजे जिन्याखालचा सलूनवाला. एक खुर्ची, एक आरसा आणि आरशाला गेलेला तडा, एवढा त्याचा संसार. त्या जागेवर चेअरमनांना नवी स्कूटर लावायची होती. पैजेची बातमी कळली तेव्हा कात्रीला काही हसू फुटलं नाही. उड्या कुणी का मारेना, हातचं दुकान गेलं तर खायचं काय?

संध्याकाळी अख्खी बिल्डिंग अंगणात जमली. चेअरमनांची सासू पुढच्याच खुर्चीत पदर सावरून बसली. कात्रीला मधोमध स्टुलावर बसवलं. दुसऱ्याला खुर्चीत बसवणाऱ्या माणसाला असं बसवलं की हाताचं काय करावं तेच सुचत नाही.

"दोन वर्षांपूर्वी माझी दाढी करताना जागेबद्दल तू काय म्हणालास?" चेअरमनांनी विचारलं.

"साहेब, काल काय जेवलो ते आठवत नाही."

"म्हणजे म्हणाला नाहीस?"

"नसेन म्हणालो."

चेअरमनांनी शिकार सापडल्यासारखा खिशातून फोन काढला. अंगावरच्या चादरीखाली धरून त्यांनी तेव्हा सगळं गुपचूप टेप केलं होतं. फोन बोलायला लागला. "जागा सोडशील ना रे?" मागून कात्रीचाच आवाज, "हो, हो, सोडतो."

अंगणात कुजबुज उठली. कात्रीने कान टवकारले. आवाज त्याचाच, पण बोलणं कुणाचं कोण जाणे.

"खोटारडा ठरलास," चेअरमन म्हणाले.

"थांबा की जरा," काकू उठली. "आधी विचारायचं, मग ऐकवायचं, आणि वर खोटारडा म्हणायचं. ही कुठली रीत? आधी ऐकवा, मग विचारा. आणि सगळं ऐकवा. अर्धी दाढी झालेला माणूस उभा करून हा दाढीवाला म्हणता होय?"

"पुढचं खासगी आहे."

"चोरून टेप करताना नव्हतं वाटतं खासगी?"

"वाजवा, वाजवा," अंगण म्हणालं. चेअरमन फोन खिशात घालणार, तोवर काकूने तो हिसकावला आणि बटण दाबलं.

"मी सिनेमात गेलो असतो तर हिरो झालो असतो ना?"

"हो, हो, झालाच असता."

"मला टक्कल नाहीये ना रे?"

"हो, हो, अजिबात नाही. मान खाली."

मग टेपमधल्या चेअरमनांनी एक गाणं म्हटलं. कडव्यागणिक कात्रीचं "वा, वा" येत होतं. गाणं संपल्यावर चेअरमन म्हणाले, "आमच्या सासूबाईंना चंद्रावर पाठवायला हवं."

"हो, हो, उद्याच पाठवू."

सासूबाईंनी पदर नीट केला. "जावईबापू, मी कधी निघायचं? डबा लागेल का बरोबर?"

हसताहसता कुणीतरी खुर्चीवरून पडलं. कात्रीच्याही जिवात जीव आला.

"काकू, खरं सांगू? वस्तरा मानेवर असला की मी गिऱ्हाइकाला नाही म्हणतच नाही. नाही म्हटलं की गिऱ्हाईक तावातावाने वळतं, आणि कान माझ्या हातात येतो. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणालं, तरी हो, हो."

"आणि आता? वस्तरा नाही, काही नाही. जागा सोडणार?"

कात्रीने चेअरमनांकडे बघितलं. साहेबांना तोंडावर नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती. तरी तो म्हणाला, "नाही."

कात्रीच्या बाजूचे हात वर करा, असं काकूने म्हटल्यावर जवळपास सगळ्यांनी हात वर केला, सासूबाईंनी तर दोन्ही.

चेअरमनांना एकाएकी कंबरदुखी आठवली. पण अंगणाने गोल रिंगण केलं होतं. त्यांनी पँट वर ओढली, उकिडवे बसले आणि उडी मारली.

"डराव," ते पुटपुटले.

"मागे ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

काकूने स्वतःचा फोन काढून थेट त्यांच्या नाकासमोर धरला. "चेअरमन, सांगून टेप करतेय हो. मग म्हणू नका विचारलं नाही. हं, मारा पुढची."

"डराव," चेअरमन ओरडले आणि जिन्याच्या दिशेने उडाले.