पोरीची आई आली नाही का?

समितीवर बसल्याच्या नवव्या दिवशी जुसाराला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. दिसायचे ते नुसते तुकडे. नाकाचा शेंडा, ओठांची जाडी, कपाळावरचे केस. सकाळी आरशापुढे तिने स्वतःचंही नाक तसंच मोजलं, आणि 'देवा, क्षमा कर' म्हणत टॉवेल तोंडावर दाबून धरला.

ब्राझीलमधल्या पेलोतासच्या विद्यापीठात काळ्या-सावळ्या मुलांसाठीच्या राखीव जागांवर नाव लागलं की प्रवेशाआधी पाच जणांच्या समितीसमोर उभं राहावं लागे. मूल आत येई, कॅमेऱ्यापुढे 'मी काळी आहे' किंवा 'मी सावळी आहे' असं एक वाक्य वाची आणि जाई. पाच जणांनी काही विचारायचं नाही, आपसात बोलायचं नाही, आजी-पणजीचे फोटो तर हातातही घ्यायचे नाहीत. रस्त्यावर, दुकानात, नोकरीच्या दारात लोक या मुलाला काय समजतील, एवढंच पाहायचं आणि चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. समिती नव्हती तेव्हा डॉक्टर-वकिलांची पिंगट केसांची मुलं कुठल्याशा पणजीचं नाव सांगून जागा घेऊन गेली होती. जुसारा तेव्हा दारात फलक धरून उभी राहिली होती. एकोणतीस वर्षं तिथल्या ग्रंथालयात कामाला, स्वतः काळी. समितीवर बोलावलं तेव्हा ती हसतच गेली. नऊ दिवसांत ते हसू पार वाळून गेलं.

रविवारी चर्चमध्ये पास्तर एव्हराल्दो नेहमीप्रमाणे प्रवचनाच्या मध्येच सुरात शिरले होते. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी गाणं व्हायचा ते कळतच नसे. "डोळा दिला दिव्यापरी," ते गात होते, "तराजू नव्हे गं, तराजू नव्हे." मागून बायकांनी तेच उचललं, टाळ्यांवर टाळ्या. जुसारा एवढी गाणारी बाई, पण त्या दिवशी तिचे ओठ नुसतेच हलले. सोमवारी पुन्हा तराजू घेऊन बसायचं होतं ना.

त्या नवव्या दिवशी अकराच्या सुमारास ती 'माते' या कडू चहासाठी थर्मासात गरम पाणी भरायला बाहेर आली. बोळात बाकांवर मुलं, आया, बाप बसले होते. खिडकीशी एक मुलगी उभी होती. गोरीपान म्हणावी अशी नाही, पण उन्हात राहिलेल्या कुणाही गोऱ्या मुलीसारखी. केस मोकळे, लाटालाटांचे. शेजारच्या बाकावर एक काळी बाई तिचं जाकीट आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या गळ्यातल्या कागदावर वय लिहिलं होतं, सतरा.

"बाई," जुसारा म्हणाली, "पोरीची आई आली नाही का? अठराच्या आतली आहे. चित्रीकरणाला आईबापांची सही लागते. तुमची नाही चालणार."

जुसाराचं वाक्य संपायच्या आत त्या बाईने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं होतं. त्यात मुलीचा जन्मदाखला होता, घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला.

"मीच आई," ती म्हणाली. "निल्झा. बघा, खाली नाव आहे."

जुसाराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "माफ करा हो. माझं लक्ष..."

"राहू द्या. दवाखान्यात दाखवते, बसमध्ये दाखवते, शाळेच्या फाटकाशी तर रोज दाखवायचे. एकदा बागेत एका बाईने विचारलं, पोर सांभाळायचे दिवसाचे किती देतात तुला? मी म्हटलं, देत काही नाहीत, वर रात्रीही राहते." निल्झा हसली नाही. "गोरी माणसं म्हणतात तेव्हा मी ऐकून घेते. तुम्ही म्हणाल असं नव्हतं वाटलं."

"आई, पुरे ना," खिडकीशी उभी मुलगी म्हणाली.

"का पुरे? माझी पोर आहेस, यात लपवायचं काय?" निल्झा जुसाराकडे वळली. "बाई, मी मिठाईच्या दुकानात उभ्याने अंडी फोडते, सोळा वर्षं झाली. ही नर्स होणार. राखीव जागेतून नाव लागलंय, खुल्या यादीत पुढे दीडशे जण आहेत. तुम्ही आत एवढंच सांगा, हिची आई मी आहे."

"आत आई चालत नाही, बाई. आत फक्त जे दिसतं ते."

जुसारा थर्मास न भरताच परत आली. अध्यक्ष हेलोइसाबाईंना तिने सांगितलं, पुढच्या मुलीच्या आईशी माझं बोलणं झालंय, मी उठते.

"ओळखीच्या आहेत?"

"नाही."

"मग बसा. तुम्ही उठलात तर चौघंच उरतात, आणि पोरीला पुन्हा बोलवावं लागेल. बसा, जुसाराबाई."

शेजारचे म्हातारे वाल्दोमिरो सर पुटपुटले, "आपण घोड्यांच्या बाजारात बसलोय असं वाटतं हो मला. फक्त दात बघायचे राहिलेत."

मुलगी आत आली. ताइनारा. खुणेच्या रेघेवर पाय जुळवून उभी राहिली आणि वाचलं, "मी स्वतःला सावळी म्हणवते." आवाज घट्ट होता. शेवटचा शब्द म्हणताना तिने कॅमेरा सोडून पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. मग गेली.

हेलोइसाबाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या. दोन 'हो', दोन 'नाही'. पाचवी जुसाराच्या हातात होती, कोरी.

लिही ना 'हो', तिचं मन म्हणालं. त्या बाईची सोळा वर्षं आहेत. तू तिचा अपमान केलास, तो भरून निघेल. पण लगेच दुसरं मन बोललं, भरून कुणाच्या पदरातून? या जागेमागे आणखी एक पोर उभं आहे, ज्याच्या आईला कुणी कधी दाखला मागितला नाही, कारण दोघांनाही दुकानदार एकाच नजरेने हाकलतो. आणि प्रश्न काय होता? रस्त्यावर लोक हिला काय समजतील. त्याचं उत्तर शोधायला जुसाराला कुठे जायचं नव्हतं. मघाशी, त्या बोळात, ती स्वतःच रस्ता झाली होती. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, आणि काळ्या आईच्या शेजारी उभ्या पोरीला पाहून तिच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं होतं?

देवा, तिने मनात म्हटलं, चूक माझी, आणि पुरावाही मीच होय रे?

हेलोइसाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. जुसाराने 'नाही' लिहिलं.

निकाल संध्याकाळी लागायचा, त्याआधी कुणाला काही सांगायचं नाही असा नियम. तरी ती बाहेर गेली. निल्झा कार्यालयाच्या खिडकीतून सहीच्या कागदाची पोच घेऊन वळत होती.

"दोन दिवस असतात," जुसारा म्हणाली. "दाद मागायला. दुसरे तिघे जण बसतात, आमच्यापैकी कुणी नसतं. अर्ज तळमजल्यावर मिळतो."

निल्झा वळता वळता थांबली. "म्हणजे तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"मी एवढंच म्हणते, दोन दिवस असतात."

"तिथे मला आत घेतील?"

"नाही."

"मग तिथेही तेच." निल्झाने जाकीट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "राग नाही धरत मी. धरायला अंगात त्राण नाही. एक सांगा, तुमच्या मनात काय होतं?"

"बाहेर तुम्हाला जे बोलले," जुसारा म्हणाली, "तेच आत लिहिलं. दुसरं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मला माफ नका करू, पण खोटं नाही लिहिलं."

"सतरा वर्षं माझी पोर माझ्यासारखी दिसत नाही याचं मला दुःख होतं," निल्झा हळूच म्हणाली. "लोक म्हणायचे, नशीब समज. आज कळलं ते नशीब कसलं."

जिन्याच्या तोंडाशी ताइनारा वळून उभी राहिली होती. "आई, चल ना. बस जाईल," तिने हाक मारली.

बाकांवरच्या चार-पाच माणसांनी माना वर केल्या. हाक कुणाला मारली ते शोधत त्यांचे डोळे बोळभर फिरले, निल्झावरून पुढे गेले, आणि कुठेच थांबले नाहीत. निल्झा त्यांच्यामधून चालत पोरीपाशी गेली. आतून पुढचा क्रमांक पुकारला जात होता. जुसारा बाहीने मान पुसून आत वळली.