धुऱ्यावरचं औषध

छकडा नाल्यात उतरला आणि कोकिळेला तिसऱ्यांदा आकडी आली. अन्नपूर्णाबाईने सुनेच्या दातांत पदराचा बोळा धरला, तानुबाईने तिचे पाय दाबून धरले. एकोणीस वर्षांची पोर, आठ दिवसांच्या काविळीने अंगात काही उरलं नव्हतं, पण पाय असे झाडत होती की दोन बायकांना आवरेना. कारभारी बैल हाकत होता. मागे वळून बघायची त्याची छाती होत नव्हती. तानुबाईचा हा एकुलता एक मुलगा. ती धरून बसली होती शेजारणीच्या सुनेचे पाय, आणि बघत होती आपल्या लेकाच्या पाठीकडे. भीती दोन्हीकडून होती.

उजाडता उजाडता तिनेच कोकिळेला काविळीचं औषध पाजलं होतं. वाटीभर हिरवा रस, शेळीच्या दुधातून. दोन घटकाही गेल्या नाहीत, तो पोरीचे डोळे फिरले.

तानुबाईचं औषध आसपासच्या चार गावांत ठाऊक होतं. अमडापूरच्या बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून तिच्या ओट्यावर येत. एकदा बीबी गावाहून एका म्हाताऱ्याला गाडीत निजवून आणलं होतं, हळदीत बुडवून काढल्यासारखा. तिसऱ्या रविवारी तो आपल्या पायांनी नारळ घेऊन आला. तानुबाईने नारळ मारुतीला पाठवून दिला. घ्यायचं काही नाही, हा पहिला नेम. दुसरा नेम असा, की शनिवारी संध्याकाळी झाडाला हळदकुंकू, अक्षता वाहून आवतण द्यायचं आणि रविवारी दिवस निघायच्या आत खुडून आणायचं. जाता-येता बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही, मागे पाहायचं नाही. मनात पांडुरंगाचं नाव घेत चालायचं. आणि तिसरा नेम सासूने, सोजराबाईने, मरणाच्या दिवशी कानाशी तोंड आणून सांगितला. झाडाचं नाव कोणाला सांगू नकोस. जाताना एकीच्या कानात सांग, बस. नाव फुटलं की गुण गेला, आणि ज्या घरातून फुटलं त्या घरात कावीळ शिरते.

चाळीस वर्षं तानुबाईने हे तिन्ही नेम देवाच्या दिव्यासारखे जपले होते.

अमडापूरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. त्याने कोकिळेच्या पापण्या उलटून पाहिल्या, तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, खाण्यात काय आलं. अन्नपूर्णाबाईने औषधाचं सांगितलं. डॉक्टर तानुबाईकडे वळला.

"झाड कोणतं, बाई?"

तानुबाईने पदर तोंडाशी नेला.

"हे बघा, धोतरा असेल तर एक उपाय, कण्हेर असेल तर दुसरा. मी चुकलो तर ही माझ्या हातून मरेल. कोणतं झाड?"

 तिला वाटत होतं, आपण ओळखायला चुकलो असू का? डोळ्यांवर सारा येऊन दिसणं धूसर होत चाललं होतं, अंधारात हातच ओळखायचा. पण हात कसा चुकेल? दांडी मोडली तेव्हा बोटांना दूध लागलं होतं, चिकट, नेहमीसारखं. मग पोरगी अशी का झाली? दारातून कारभारी दिसत होता. तो बैलांना बादलीने पाणी पाजत होता, आणि एवढ्या गडबडीतही बैलाच्या मानेवर हात फिरवत होता. नऊ नवसांनी झालेला. त्याच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं होताना तिला तिथल्या तिथे दिसलं.

अन्नपूर्णाबाईने तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने तानुबाईचे पाय धरले.

"सांग ना व तानू. लेकरू जाऊन राह्यलं माहं. तुह्या पाया पडतो मी."

गेल्या सप्ताहात बुवांनी वचन पाळणाऱ्या राजाचं आख्यान लावलं होतं. राजाने वचनापायी सगळं दिलं, पोटचा गोळासुद्धा, आणि सभामंडप रडला. तानुबाई तर हुंदके देऊन रडली. तेव्हा बुवांनी एकाएकी टाळ खाली ठेवले. मृदंग थांबला. बुवा म्हणाले, राजाचं वचन राहिलं हो, पण त्या लेकराची आई तेव्हा काय म्हणत असेल? आणि पुन्हा टाळ उचलून त्यांनी गजर धरला. तानुबाईला त्या वेळी वाटलं होतं, बुवांनी मधेच रस का मोडला. आता त्या लेकराची आई तिचे पाय धरून बसली होती.

विठ्ठला, काय घ्यायचं ते माझं घे, तिने मनात म्हटलं. पोराला हात लावू नको.

ती उठली. डॉक्टरच्या कानाशी तोंड नेलं, सासूने नेलं होतं तसं, आणि कारभारीपर्यंत जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "पाथरी."

"पाथरी?" डॉक्टर मोठ्याने म्हणाला. "ती भाजीची?"

ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. बैलांजवळ कारभारीनेही मान वर केली.

डॉक्टर मात्र गोंधळला. पाथरीने आकडी येत नाही, तो म्हणाला. कुठून आणली? पुंजाजीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून. शेतात काय आहे? पऱ्हाटी, कापसाची. 

"पऱ्हाटीवर फवारा मारला होता?"

 पहाटे ती खुडत असताना पुंजाजीचा सालदार गडी निवृत्ती राखणीच्या माळ्यावरून ओरडला होता. ओ काकू. मग पुन्हा, ओ काकू. पुढचे शब्द तिने ऐकलेच नव्हते. ऐकू येऊ नयेत म्हणून पदर कानावरून ओढून घेऊन पांडुरंग पांडुरंग करत ती चालती झाली होती. रॉकेलसारखा वास आला तो तिला निवृत्तीच्या कंदिलाचा वाटला होता.

"मारला असन," ती म्हणाली. "मले हाक आली व्हती. म्या थांबली नाही."

मग डॉक्टरने वेळ घालवला नाही. एंड्रिन, एंड्रिन, असं काहीसं फवाऱ्याच्या विषाचं नाव कंपाउंडरला सांगत त्याने सुई दिली, नळी घालून पोरीचं पोट धुतलं. दुपारपर्यंत आणखी दोन आकड्या आल्या. पाचवीनंतर सहावी येईल म्हणून सगळे वाट पाहत राहिले, ती आली नाही. दिवेलागणीला कोकिळेने पाणी मागितलं. अन्नपूर्णाबाई सुनेच्या उशाशी बसून मोठ्याने रडली. दिवसभर ती रडली नव्हती.

निघताना डॉक्टर तानुबाईशी मऊपणाने बोलला. पाथरी वाईट नाही, भूक लागते, बाळंतिणीला दूध येतं. पण कावीळ एका तऱ्हेची नसते. एक तीन आठवड्यांत आपोआप उतरते, औषध द्या की नका देऊ. दुसऱ्या एकीत पित्ताच्या वाटेत खडा अडकलेला असतो. तिथे अशा रसावर विसंबलं तर वाचणारा रोगी जातो.

परतताना छकड्यात तानुबाई आजवरच्या रोग्यांची गणती करू लागली, आणि करायला नको होती. जे नारळ घेऊन परत आले ते तिला आठवत होते. पण जे परत आलेच नाहीत, ते बरे होऊन कामाला लागले असतील असं ती चाळीस वर्षं समजत होती.

गावात बातमी तिच्या आधी पोचली. विहिरीवर शालूबाई म्हणाली, "पाथरीच व्हती का थे? मंग त आमची बकरी मोठी वैदीन हाय व माय." बायका हसल्या. तानुबाईही त्यांच्यात थोडी हसली आणि घागर भरून निघाली.

तिसऱ्या दिवशी निवृत्ती आला. ओट्याखालीच उभा राहिला.

"काकू, म्या तीनदा हाक देल्ली."

"आयकू आली रे बापू."

तो आल्या वाटेने परत गेला.

ती रोज सकाळी कारभारीला उजेडात बोलावून त्याची पापणी खाली ओढून बघे. डोळा पांढराच असे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघे.

रविवारी उजाडायच्या आत दारात माणूस आला. वडनेर भोलजीचा, मोटारीने आदल्या दिवशी येऊन पाहुण्यांकडे उतरलेला. डोळे पिवळे, सोबत बायको. तानुबाईने त्यांना बसायला घोंगडी दिली, चहा दिला आणि अमडापूरच्या दवाखान्याची वाट सांगितली. त्याची बायको हात जोडून म्हणाली, दवाखान्यात काय जायचं, तुमच्या हातालेच गुण हाय म्हणतात.

"व्हता, बाई," तानुबाई म्हणाली. आणि त्यांना सडकेपर्यंत पोचवून आली.

परत आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. परड्यात भिंतीच्या कडेने पाथरी माजली होती. औषध देणाऱ्याने ते झाड खायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून तिने ती तोंडाला लावली नव्हती. तिने मूठभर पानं खुडली, भाकरी काढली, कांदा फोडला आणि परातीत पाणी घेऊन पानं धुवायला बसली. धुतली, पाणी फेकलं, दुसरं घेतलं. तेही फेकलं.

भाकरी गार झाली, तरी ती पाणी बदलतच होती.